टेंडरमध्ये दर बरोबर, तरी बाद का होतो?



आश्रमशाळा, वसतिगृहं, दवाखाने यांना तांदूळ, कडधान्य, भाजी लागतेच. आपल्या जिल्ह्यातल्या शासकीय आश्रमशाळा पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे येतात, म्हणजे गिऱ्हाईक लांब नाही. पण टेंडर बरेचदा दरावर नाही, कागदावर जातं.

लिफाफे दोन असतात. तांत्रिक लिफाफ्यात एक कागद कमी निघाला, तर आर्थिक लिफाफा उघडतच नाहीत. मग तुमचा दर सगळ्यात कमी असला तरी उपयोग शून्य. संचालक मंडळाचा ठराव, ऑडिट झालेले ताळेबंद, प्रतिज्ञापत्र हे सगळं निविदेत दिलेल्या नमुन्यातच लागतं. डिजिटल सहीची मुदत आधी बघा. उद्यम नोंदणी आहे म्हणून बयाणा माफ, असंही धरू नका. अटीत सूट लिहिली आहे का ते वाचा. भरायची असेल तर रक्कम एक-दोन दिवस आधीच भरा.

महाटेंडर्स पोर्टलवर दराची एक्सेल फाईल असते. तिचं नाव बदलू नका, रकाने हलवू नका. आणि सगळं अपलोड झालं तरी शेवटचं ‘फ्रीज’ बटण दाबल्याशिवाय बोली जमा होत नाही! वेळ पोर्टलच्या घड्याळाची धरतात, आपल्या मोबाईलची नाही. शुद्धिपत्रक निघालंय का, ते शेवटच्या दिवसापर्यंत बघत राहा.

आता दर. खरं नुकसान इथे होतं. वर्षभराचा भाजीचा दर थंडीतल्या भावावर भरला, की जुलैत वाशी मार्केटातून माल आणून त्याच दरात द्यावा लागतो. दर पोहोच धरलेला असतो, म्हणजे गाडीभाडं, हमाली, घट आपल्याच अंगावर. तांदूळ 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटात मागितला असेल तर 5 टक्के जीएसटी लागतो. दर त्यासह आहे की वेगळा, ते आधी बघा. तोट्यातलं टेंडर मिळण्यापेक्षा हुकलेलं बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अट जाचक वाटली तर निविदापूर्व बैठकीतच लेखी हरकत द्या. अंगणवाडी आहाराचं 2016 चं राज्याचं टेंडर सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केलं, कारण अटी लहान बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या होत्या. पण तोवर तीन वर्षं गेली. आणि कोणी व्यापारी ‘नाव तुमचं, माल आमचा’ म्हणत आला, तर सरळ नाही म्हणा. माल खराब निघाला तर काळ्या यादीत जाणार ते आपलं नाव.

माल कमी पडला तर सुरक्षा अनामत जप्त होऊ शकते, म्हणून बोलीत आकडा टाकण्याआधी कोणाकडे किती भात, वाल, भाजी खात्रीने निघेल ते आपल्या गटप्रमुखांना लेखी कळवा. अंदाज नको, पोती मोजून सांगा.