खापर पावसावर, चूक कारखान्यात

कास्तकार बंधूंनो, अकोल्याजवळची शिवणीची धावपट्टी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, सार्वजनिक बांधकाम खात्याने ती तयार केली. आपले वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला होता आणि आसाम-मणिपूरच्या सीमेवर लढाई येऊन ठेपली होती. त्या लढाईसाठी देशात ठिकठिकाणी विमानतळ उभे राहिले, विमाने आली, परदेशी वैमानिक आले.

लढाईत विमाने पडतात हे आपण ऐकून आहोत. पण लढाईवर जाण्याआधी, नुसता सराव करताना, शत्रूची एकही गोळी न लागता जी माणसे गेली, त्यांची आठवण कोणी काढत नाही. अशाच एका प्रकरणाची हकीगत आज सांगायची आहे. हकीगत आहे लाकडाची, डिंकाची आणि पावसाची. म्हणून ती तुम्हाला परकी वाटणार नाही.

लाकडी विमान

इंग्रजांच्या डी हॅविलँड कंपनीने एक बॉम्बफेकी विमान बनवले, त्याचे नाव मॉस्किटो, म्हणजे मच्छर. २५ नोव्हेंबर १९४० ला ते पहिल्यांदा उडाले. इंजिने दोन, माणसेही दोनच: एक वैमानिक आणि शेजारी बसून वाट दाखवणारा नॅव्हिगेटर. खरी नवलाई पुढेच आहे. हे विमान लाकडाचे होते! युद्धात ॲल्युमिनियमची ओढाताण होती आणि फर्निचर बनवणारे सुतार रिकामे होते. मग बर्चच्या प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड घालून विमानाचे अंग बनवले. पंखही लाकडाचेच. अशी सात हजारांवर विमाने तयार झाली.

हे सगळे लाकूड एकमेकांना धरून ठेवायचे ते डिंकाने. सुरुवातीला हा डिंक केसीनचा, म्हणजे दुधातून काढलेल्या पदार्थाचा होता. पुढे दमट हवेत टिकणारा रासायनिक डिंक आला. आता आपल्याकडचा कोणीही सुतार सांगेल की सांधा नीट बसला नाही, तर नुसता डिंक काय करणार? बंडीचे चाक असो की तिफण, जोड पक्का नसेल तर लाकूड कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

कोलारचा अपघात

ही विमाने भारतातल्या स्क्वाड्रननाही मिळू लागली. आजच्या कर्नाटकात, सोन्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या कोलारला सराव चाले. तेथे ४५ क्रमांकाची स्क्वाड्रन जुनी व्हेन्जन्स विमाने सोडून मॉस्किटो शिकत होती. १३ मे १९४४ ला तिचे प्रमुख, ऑस्ट्रेलियन विंग कमांडर हार्ले स्टम, सराव उड्डाणावर गेले ते परत आलेच नाहीत. विमान कोसळले. सोबतचा नॅव्हिगेटरही गेला. शिकवणाराच पडला, तर शिकणाऱ्यांच्या मनाचे काय झाले असेल, याचा विचार करा.

पावसाळा गेला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणखी विमाने पडली. पंखाचे वरचे प्लायवूड आतल्या मुख्य तुळईपासून सुटत असल्याचा संशय आला. नोव्हेंबरमध्ये भारतातली मॉस्किटो विमाने जमिनीवरच थांबवून तपासणी सुरू झाली.

दोन पंचनामे

इथे गोष्ट आपल्या ओळखीची होते. विलायतेहून चौकशीला पथक आले. त्याचे प्रमुख होते मेजर हेरवर्ड डी हॅविलँड. आडनावावरून ध्यानात आले असेलच, विमान बनवणाऱ्या घराण्यातलेच गृहस्थ! डिसेंबर १९४४ च्या त्यांच्या अहवालाचे सार असे की डिंक खराब झालेला नाही. पावसाळी हवेत लाकूड आक्रसले, म्हणून अपघात झाले. म्हणजे दोष भारतातल्या पावसाचा.

पण सगळ्यांना हे पटले नाही. दुसऱ्या चौकशीने दोष बनावटीत असल्याचे स्पष्ट सांगितले. मग इंग्लंडमध्ये डेफर्ड येथे तपासणी झाली. कंपनीच्या हॅटफील्ड आणि लीव्हसडेन या दोन कारखान्यांत बनलेल्या सहा प्रकारच्या मॉस्किटोंमध्ये तसलेच दोष निघाले. या विमानांनी ना आपला पावसाळा पाहिला होता, ना आपली वाळवी! डिंक लावण्याचे कामच कच्चे होते.

तरीही सरकारने लोकांसमोर पहिलाच अहवाल धरून ठेवला. विमानावरचा विश्वास उडू नये, ही काळजी. उपाय मात्र गुपचूप सांध्यावरच केला: पंखाच्या लांबीभर जोडावर प्लायवूडची पट्टी बसवली, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. पुढे हीच विमाने ब्रह्मदेशच्या लढाईत उतरली. पाऊस तोच होता, सांधा सुधारला होता.

पाऊस निर्दोष होता असे नाही. दमट हवेने लाकूड फुगते, उन्हाने आक्रसते. पण चांगला जोड हे सोसतो, कच्चा जोड तेवढ्यात उघडा पडतो. पाऊस फक्त चूक दाखवून देतो.

आपल्यासाठी बोध

सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींनो, पंचनामा लिहिताना ही गोष्ट आठवा. बंधारा फुटला, पुलाची मोरी वाहून गेली की 'अतिवृष्टीमुळे' हा शब्द चटकन लिहिला जातो. कधी तो खराही असतो. पण लिहिण्याआधी फुटलेल्या जागेचा सांधा पाहा, सिमेंट किती, वाळू किती, पाया किती खोल, ते नोंदवा. शेजारचे जुने काम त्याच पावसात टिकले असेल, तर तेही लिहा. आणि ज्याने काम केले, त्याच्याच माणसाला तपासणीला पाठवू नका.

कास्तकारांनो, तुमचेही तेच. सोयाबीन उगवले नाही, की 'पाऊस बरोबर झाला नाही' असे म्हणून आपण गप्प बसतो आणि दुबार पेरणीला लागतो. तसे करू नका. पेरताना पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवा, पिशवीतले थोडे बियाणे बाजूला काढून ठेवा. शंका आली तर शेत मोडण्याआधी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. एकदा शेत मोडले की पुरावाही गेला.

कोलारला गेलेली ती दोन माणसे कोणत्याही अहवालाने परत येणार नव्हती. पण त्यांच्या मागून त्याच विमानात बसणाऱ्यांचा जीव सांध्याच्या खऱ्या तपासणीवर अवलंबून होता. पावसावर खापर फोडायला फार सोपे असते, कारण पाऊस उलट उत्तर देत नाही. म्हणूनच त्याचे नाव लिहिण्याआधी दोनदा विचार करा.