भिंती नाहीत, तरी मठ सापडला

जमिनीवर एकही भिंत उरलेली नसताना मध्ययुगीन इमारत ओळखायची कशी? इंग्लंडमधील लेस्टर शहरातील उत्खनन याचे उत्तम उदाहरण आहे. तेथील ग्रेफ्रायर्स हा फ्रान्सिस्कन भिक्षूंचा मठ आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३८ मध्ये बंद झाला. पुढे इमारती पाडून त्यांचे दगडही नेण्यात आले. ऑगस्ट २०१२ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी एका वाहनतळाखाली खोदकाम केले.

पायाचे दगड काढून नेल्यावर जे चर उरतात, ते राडारोड्याने भरतात आणि सभोवतालच्या मातीपेक्षा वेगळे दिसतात. हे चर म्हणजेच नाहीशा झालेल्या भिंतींचा नकाशा. त्यावरून मठातील मार्गिका, दगडी बाकांचे अवशेष असलेले सभागृह आणि अखेर चर्चची जागा निश्चित झाली.

पहिल्याच दिवशी मानवी पायांची हाडे दिसली होती. पण ती जागा नेमकी कोणती, हे तेव्हा ठाऊक नव्हते. ती चर्चमधील गायकवृंदाची जागा असल्याचे नकाशावरून उमगले. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेलेला राजा तिसरा रिचर्ड तेथेच पुरला गेल्याची जुनी नोंद होती. डीएनए आणि अन्य चाचण्यांनंतर फेब्रुवारी २०१३ मध्ये सांगाडा त्याचाच असल्याचे जाहीर झाले. इमारतीचा आराखडा उलगडला नसता, तर त्या हाडांचे महत्त्व कदाचित लक्षातही आले नसते.