आवाज मोठा, वकील मोठा?

वकील म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? माझ्या पिढीच्या तरी सनी देओलच! १९९३च्या ‘दामिनी’नं आमच्या डोक्यात पक्कं बसवलं, की आवाज चढवल्याशिवाय केस जिंकता येत नाही. लॉ कॉलेजातही तेच. मूट कोर्टमध्ये मुलगा तावातावानं बोलला की ‘काय कॉन्फिडन्स आहे!’ आणि मुलगी तशीच बोलली की ‘फार भांडखोर बुवा!’

वैजापूरच्या कोर्टात काळा कोट चढवल्यावर कळलं, हा सिनेमा पक्षकारांनीही पाहिलाय. माझा आवाज मुळात बारीक. ‘वकीलसाहेब, जरा दणकून बोला ना,’ असं मला सांगतात. माझ्या वकील मैत्रिणीला तेवढंही सांगत नाहीत. सगळी हकीकत तिला ऐकवून झाली की विचारतात, ‘साहेब कधी येणार?’ ऑफिस तिचं स्वतःचं आहे, बरं का!

ही सवय जुनीच. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती. तरी १९१६ मध्ये कलकत्ता हायकोर्टानं रेजिना गुहांना वकिली नाकारली. कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या शब्दात म्हणे स्त्री बसत नाही! शेवटी १९२३ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. मुंबई हायकोर्टात सुजाता मनोहर पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या, तेव्हा १९७८ उजाडलं होतं.

आता आमचं तालुक्यातलं रोजचं काम बघा. वाटणीचे दावे, बांधाची भांडणं, सातबारा, फेरफार. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५च्या दुरुस्तीनं देशभर दिला. पण भाऊ हक्कसोडपत्र पुढे सरकवतो आणि बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. ती ऑफिसात येते तीही भावाच्याच गाडीवर. तिथं दणकून बोलणारा काय कामाचा? भावाला चहाला पाठवून ‘ताई, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ असं विचारणारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसणारा वकील लागतो. उलटतपासणीचंही तसंच. आवाज चढला की साक्षीदार सावध होतो. शांतपणे एकेक तारीख विचारत गेलं, की स्वतःच अडकतो.

तेव्हा मंडळी, वकील निवडताना डेसिबल मोजू नका. त्यानं किंवा तिनं तुमचा सातबारा नीट वाचलाय का, तेवढं बघा!