ऊन पडलंय, पण उतारावर जाऊ नका: हिमस्खलन समजून घेताना

सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच जणांचे व्हॉइस मेसेज आलेत. प्रश्न एकच: "हिवाळ्यात उत्तराखंडात बर्फातला ट्रेक करायचाय, सह्याद्री पालथा घातलाय, चालेल ना?" दम चालेल हो. नजर मात्र बदलावी लागेल.

बर्फाशी आपला संबंध नाही असं समजू नका. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचीनमध्ये सोनम चौकीवर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला. 10 जवान गेले, त्यात सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. शेजारच्या धारवाडचे हनुमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण 11 तारखेला तेही गेले. ती घटना बर्फाची भिंत तुटण्याची होती. ट्रेकरला जास्त धोका असतो तो वेगळ्या प्रकाराचा, आणि तो बाहेरून दिसत नाही.

घरी एक प्रयोग करा. स्टीलच्या ताटात साखरेचा पातळ थर पसरा, त्यावर वही ठेवा आणि ताट हळूहळू तिरकं करा. एका क्षणी अख्खी वही सरकते. डोंगरावर तसंच होतं. थंडीत जमिनीलगतचा बर्फ साखरेसारखा दाणेदार होतो आणि दाणे एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवा बर्फ पडून, वाऱ्याने दाबून घट्ट लादी बनते. लादीवर माणसाचं वजन पडलं की खालचा थर बसतो आणि लादी फुटून सुटते. ट्रेकर आणि स्कीअर सापडतात अशा अपघातांत दहापैकी नऊ वेळा बर्फ सुटतो तो त्यांच्या किंवा सोबत्यांच्याच वजनाने!

उतार किती? बहुतेक लाद्या 30 ते 45 अंशांत सुटतात. म्हणजे घरातल्या जिन्यापासून थोडा जास्त चढ. आपल्याला तो भीतीदायक वाटतच नाही, हीच गोची आहे. फोनवर क्लिनोमीटरचं ॲप घ्या, काठी उतारावर आडवी टाका, फोनची कड तिच्यावर ठेवा, अंश कळतील. आणि हां, तुमची वाट सपाट असली तरी डोक्यावरचा उतार मोजायचाच. सुटलेली लादी खाली तुमच्याकडेच येणार.

आता नजरेचा मुद्दा. आपल्याकडे पाऊस थांबला, ऊन पडलं की गडी बॅग उचलतो. बर्फात वादळानंतरचा पहिला स्वच्छ दिवस हाच फसवा असतो. ताज्या बर्फाचं ओझं अजून बसलेलं नसतं, वाऱ्याने कड्यामागच्या बाजूला आणखी बर्फ टाकलेला असतो, वरून ऊन तापवतं. एका दिवसात फूटभर बर्फ पडला असेल तर तीव्र उतारांपासून एक-दोन दिवस तरी लांब राहा. आसपासच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला किंवा पावलापासून भेगा धावल्या, तर चर्चा नको, मागे फिरा. सुट्टी संपत आलीय, पैसे भरलेत, हे बर्फाला माहीत नसतं.

अनुभवी माणसंही सुटत नाहीत. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तरकाशीत द्रौपदी का डांडा शिखरावर नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या तुकडीवर स्खलन आलं. 27 मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. मृतांमध्ये त्याच वर्षी एव्हरेस्ट चढलेल्या प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या.

गाडलेल्याला वाचवायला वेळ किती? पहिली 10-15 मिनिटं. त्यानंतर शक्यता झपाट्याने घसरते. थांबलेल्या बर्फाचा एक घनमीटर साधारण 400 किलो भरतो, म्हणजे साखरेची आठ पोती. हाताने उकरणं विसरा. म्हणून तीन वस्तू लागतात: अंगावरचा ट्रान्सीव्हर, लांब प्रोब काठी आणि धातूचं फावडं. हेलिकॉप्टर यायच्या आत सोबतीच शोधू शकतात. बुकिंगआधी आयोजकाला हे विचारा. मायक्रोस्पाइक्स देतो म्हणाला तर ते घसरू नये म्हणून असतात, स्खलनासाठी नाहीत. ट्रान्सीव्हर असेल तर मोबाइल त्याच्यापासून लांब आणि फ्लाइट मोडवर ठेवा, सिग्नलमध्ये गडबड होते. धोक्याचा उतार ओलांडायचाच असेल तर एकेकाने, बाकीचे सुरक्षित जागी थांबून बघत.

निघण्याआधी डीआरडीओच्या डीजीआरई या संस्थेचा हिमस्खलनाचा इशाराही बघा. तो जिल्हावार असतो आणि हिवाळ्यात बातम्यांमध्येही येतो.