पुराणातली वांगी, बॉक्स ऑफिसवर भरीत!

पुराणातली वांगी पुराणात ठेवावीत, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय. सिनेमावाल्यांनी ऐकलं नाही. त्यांनी ती बाहेर काढली, झणझणीत भरीत केलं आणि शंभर वर्षं उलटली तरी पब्लिक ताट पुढे करतंच आहे!

माहीत आहे का? आपल्या सिनेमाचा नारळ फुटला हरिश्चंद्रावर आणि मराठी सिनेमाला वाचा फुटली तीही हरिश्चंद्रावरच. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. १९३२ साली ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला, पहिला मराठी बोलपट. राजा तोच, स्मशान तेच! मूकपटाला तर अशी गोष्ट वरदानच. पडद्यावर कुणी अक्षर बोलत नाही, पण प्रेक्षक घरूनच कथा पाठ करून आलेला.

रामाची सीता कोण? फाळक्यांच्याच ‘लंकादहन’मध्ये (१९१७) उत्तर एकदम सोपं होतं : राम स्वतःच! अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. त्याआधी ते हरिश्चंद्राची राणी तारामतीही झाले होते, कारण बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या. आणि ही हिरॉइन फाळक्यांना सापडली कुठे? एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात. साळुंके तिथे आचारी होते!

आता थेट गॅलेक्सीत जंप. एक पोरगा काका-काकूंकडे शेतावर वाढतो. खरा बाप कोण, ठाऊक नाही. म्हातारा गुरू भेटतो, चकाकतं शस्त्र मिळतं, मग दुष्टाच्या गढीत घुसायचं. गोकुळ? नाही हो, ‘स्टार वॉर्स’, १९७७! जॉर्ज लुकासने पटकथा घडवताना जोसेफ कॅम्पबेलच्या १९४९ सालच्या ‘द हिरो विथ अ थाउजंड फेसेस’चा आधार घेतला होता. जगातल्या पुराणांचे हिरो एकाच वाटेने जातात, असा त्या पुस्तकाचा दावा : घर सोडायचं, अग्निदिव्यातून जायचं, काहीतरी कमावून परतायचं.

आणि हा कॅम्पबेल कोण, माहीत आहे का? रामकृष्ण परमहंसांच्या ‘कथामृता’चा इंग्रजी अनुवाद करताना स्वामी निखिलानंदांना मदत करणारा माणूस! १९५४-५५मध्ये तो भारतात फिरूनही गेला. म्हणजे त्या शेतावरच्या पोराच्या, ल्यूक स्कायवॉकरच्या कुंडलीत थोडा बंगालही निघाला की.

त्याच कॅम्पबेलचं जाडजूड पुस्तक क्रिस्टोफर वोग्लर नावाच्या डिस्नेच्या माणसाने ऐंशीच्या दशकात सात पानांच्या मेमोत बसवलं. मेमो हॉलिवूडभर फिरला. झेरॉक्सवाल्याची चांदी! पुढे वोग्लरचा हात ‘द लायन किंग’च्या कथेलाही लागला.

कान टवकारा! ‘स्टार वॉर्स’च्या १९९९च्या भागात तलवारी भिडतात तेव्हा मागे कोरस घुमतो तो संस्कृतमध्ये. एका जुन्या वेल्श कवितेच्या ओळी संगीतकार जॉन विल्यम्सने संस्कृत करून घेतल्या होत्या. ‘मॅट्रिक्स’ मालिकेतला २००३चा ‘रेव्होल्यूशन्स’ तर उपनिषदातल्या मंत्रावर संपतो. पुढच्या वेळी एंड क्रेडिट्सला पॉपकॉर्न झटकत उठू नका.

पण बॉस, आपल्याकडचा खरा सुपरस्टार एकच. कर्ण! टाकलेलं मूल, न सांगता येणारी आई, समोर उभा सख्खा भाऊ आणि चुकीच्या मित्राशी पक्की मैत्री. इंटरव्हलसकट तयार पटकथा! ज्या महाराष्ट्राने १९६७पासून ‘मृत्युंजय’ कादंबरी उशाशी ठेवली, त्याला हे वेगळं सांगायला नको. श्याम बेनेगलांच्या ‘कलयुग’मध्ये (१९८१) कौरव-पांडव उद्योगपती झाले आणि शशी कपूर कर्ण. मणिरत्नमच्या ‘दळपती’मध्ये (१९९१) बाळ नदीऐवजी मालगाडीत ठेवलं जातं. मोठं होऊन ते रजनीकांत होतं आणि शेवटी जगतं! मरतो तो मित्र, म्हणजे दुर्योधन. व्यासांनी कर्णाला मारलं, पण रजनीकांतला मारायची टाप कुणाची? ‘राजनीती’त (२०१०) बाळ पुन्हा होडीत, अजय देवगण कर्ण आणि कृष्णाच्या जागी आपला नाना पाटेकर. आणि ‘करण अर्जुन’ (१९९५)? महाभारतात एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघे इथे सख्खे, गळ्यात गळे घालणारे भाऊ. कुंतीला बरं वाटलं असतं. अशा प्रकारे ही स्टोरी कर्णोपकर्णी हिट!

दिग्दर्शक राजामौली तर या खेळातला उस्ताद. ‘बाहुबली’ (२०१५) सुरू होतो तो पुरातून वर आलेल्या एका हातावर आणि त्या हातातल्या बाळावर. यमुना आणि वसुदेव, फक्त टोपली गायब. ‘आरआरआर’मध्ये (२०२२) भीम रामाला खांद्यावर घेऊन लढतो. त्रेता आणि द्वापर एकाच फ्रेममध्ये? चालतं! रामाला खांद्यावर घेणारा मूळचा हनुमान, आणि भीम कोण? तोही वायुपुत्र, हनुमानाचा भाऊच. हा सीन लिहिणाऱ्याला माझा सलाम.

मग पुराण घातलं की हिट नक्की? छे! २०२३चं ‘आदिपुरुष’ आठवा. संवादांवरून एवढी बोंब झाली की रिलीजनंतर ते बदलावे लागले. माझं मत विचाराल तर पुराण आतून अस्तरासारखं लावावं, वरून मिरवू नये. अर्थात १९७५मध्ये ‘शोले’ आणि ‘दीवार’च्या नाकावर टिच्चून ‘जय संतोषी माँ’ धो-धो चालला आणि लोक थिएटरात चपला काढून बसले, तेव्हा माझ्या मताची किंमत तुम्हीच ठरवा.

आणखी एक गणित. ‘कल्की २८९८ एडी’ हा आकडा कुठून आला? परंपरेप्रमाणे कलियुग लागलं इसवी सनपूर्व ३१०२मध्ये. करा बेरीज : बरोब्बर ६०००! त्यात अमिताभ झालाय अश्वत्थामा. तो चिरंजीव म्हणे आपल्या नंदुरबारच्या सातपुड्यातही वावरतो; दिवाळीत अस्तंब्याच्या शिखरावर त्याची यात्रा भरते.

जाता जाता, दिग्दर्शकाने म्हटलेलं नाही, मीच म्हणतोय : ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) म्हणजे शुद्ध विराटपर्व! डोक्यावर छप्पर हवं म्हणून वेष बदलून अज्ञातवास, आणि दोघं चक्क साडीत. टोळीच्या म्होरक्याचं नाव आठवतंय? धनंजय. बृहन्नडा झालेल्या अर्जुनाचंच दुसरं नाव! फक्त हा धनंजय जास्त हुशार. त्याने साडी दुसऱ्यांना नेसवली.