फोन उघडला की जाहिरात? हा व्हायरस नव्हे

फोन नुसता अनलॉक केलात, एकही ॲप उघडलं नाही, तरी स्क्रीनभर जाहिरात? बंद करायची फुली एवढीशी, आणि बोट नेमकं जाहिरातीवरच पडतं. माझ्या मावशीच्या फोनवर दोन आठवडे हेच चाललं होतं. व्हायरस लागलाय, आता नवा फोन घ्यावा लागणार, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. पण तो व्हायरस नव्हता. तिने टॉर्चचं एक फुकट ॲप घेतलं होतं (टॉर्च फोनमध्ये आधीच होता, पण असो). त्यातून आलं होतं ॲडवेअर.

व्हायरस स्वतःच्या प्रती काढत पसरतो. रॅन्समवेअर फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागतं. मे 2017 मधलं वॉनाक्राय तुम्हाला आठवत असेल. स्पायवेअर गुपचूप बसून तुमचे मेसेज, पासवर्ड टिपतं. ॲडवेअरला मात्र तुमच्या डोळ्यांसमोर यायचंच असतं, कारण दाखवलेल्या जाहिरातीमागे आणि क्लिकमागे त्याच्या मालकाला पैसे मिळतात. शिवाय बहुतेक वेळा ‘अलाऊ, अलाऊ’ दाबत त्याला घरात आपणच घेतलेलं असतं.

मग नुसती कटकटच ना? तसं समजू नका. जुलै 2019 मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीने ‘एजंट स्मिथ’ उघडकीला आणलं. जगभरातल्या सुमारे अडीच कोटी फोनमध्ये ते शिरलं होतं आणि त्यातले दीड कोटींहून जास्त फोन भारतातले होते. गेम किंवा फोटोचं ॲप म्हणून ते प्ले स्टोअरबाहेरच्या एका ॲप-दुकानातून यायचं, गूगलच्या अपडेटचं सोंग घ्यायचं आणि फोनमधल्या व्हॉट्सॲपसारख्या खऱ्या ॲप्सच्या जागी स्वतःच्या बनावट प्रती बसवायचं. हे सगळं कशासाठी, तर जाहिराती दाखवण्यासाठी! पण याच वाटेने बँकेची माहितीही चोरता आली असती, असा इशारा संशोधकांनी दिला होता.

फुकट ॲप उघडल्यावर त्याच्या आत दिसणारी जाहिरात वेगळी. ती त्या ॲपची कमाई आहे. ॲप बंद असतानाही जाहिरात उगवली, तर संशय घ्या. ती समोर असतानाच अलीकडची ॲप्स दाखवणारं बटण दाबा. पुष्कळदा चोराचं नाव तिथेच दिसतं. नाही दिसलं तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. त्यात तुम्ही नंतर घेतलेली ॲप्स बंद राहतात. जाहिराती थांबल्या, तर दोष त्यांच्यातल्याच कुणाचा तरी. मग सेटिंग्जमधली ॲप्सची पूर्ण यादी बघा, कारण असली ॲप्स स्क्रीनवरचं चिन्ह लपवतात. ‘इतर ॲप्सवर दिसण्याची परवानगी’ कुणाला दिली आहे, तेही तपासा. जाहिराती नोटिफिकेशनमधून येत असतील, तर ब्राउझरमध्ये जाऊन कोणत्या वेबसाइटला परवानगी दिली आहे ते पाहून ती काढून टाका.

आणि जाहिरातीच्या नादात खात्यातून पैसेच गेले असतील, तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा.

मावशीचं टॉर्च ॲप पाच मिनिटांत गेलं. फोन अजून तोच आहे.