ओश्कोशची तयारी
अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांती ओश्कोश येथे दर वर्षी जुलैअखेर हौशी वैमानिकांची जत्रा भरते. १९५३ साली मिलवॉकीत तिचा आरंभ झाला. १९७० पासून ती ओश्कोशला स्थिरावली. हजारो विमाने येतात, नि मंडळी पंखाखालीच राहुट्या ठोकतात! तिथल्या माझ्या पुतण्याच्या सेसना १७२ मधून यंदा आम्हीही जाण्याचे घाटत आहे.

शेवटची वाट आखीव असते. रिपन गावापासून रेल्वेरुळांच्या माथ्यावरून फिस्कपर्यंत, समुद्रसपाटीपासून १८०० फुटांवर, ९० नॉट वेगाने, अर्ध्या मैलाच्या अंतराने एकामागे एक जायचे. खालचा नियंत्रक विमानाचा रंग पाहून हाक देतो. उत्तर शब्दांनी नव्हे, पंख हलवून द्यायचे. "काका, तिथं गप्प बसायचं हं!" अशी ताकीद मला आताच मिळाली आहे.

खरा घोर वजनाचा. आसने चार, पण टाक्या भरल्या की चार भरदार माणसे नि सामान पेलत नाही. त्यात उन्हाळा! तापलेली हवा विरळ होते, पंखांस उचल कमी मिळते, इंजिनाचाही जोर घटतो. पेट्रोल गॅलनला सहा पौंड भरते. ते कमी घेतले तर वाटेत एक मुक्काम वाढेल, त्याचे काही नाही. पण राहुटी सोडवत नाही, सूनबाई मागे राहायला तयार नाहीत, आणि नातवाने तर खिडकी आधीच धरली आहे. तराजूवर सर्वांत भारी मीच. मोटारीने कुणी जावे, याचा निकाल रविवारी लागायचा आहे.